सँटाचा झगा नको, ढोलकी द्या

नमस्कार मंडळी,

थँक्सगिव्हिंगची टर्की संपते न संपते तोच मला दर वर्षी एक फोन येतो. मंडळाच्या डिसेंबरच्या कार्यक्रमात लहान मुलांसाठी सँटा लागतो. "तू ख्रिश्चन ना रे? मग तुलाच छान जमेल." हे इतक्या प्रेमानं म्हटलेलं असतं की नाही म्हणवत नाही. सलग तीन वर्षं मी तो लाल झगा चढवला, पोटाला उशी बांधली, कापसाची दाढी लावली आणि "हो हो हो" केलं. माझ्या स्वतःच्या मुलीनं दुसऱ्याच वर्षी मला बुटांवरून ओळखलं.

या वर्षी मी नाही म्हणालो. कारण विचारलं तेव्हा फोनवर नीट सांगता आलं नाही, काहीतरी ऑन-कॉलचं निमित्त पुढे केलं. खरं कारण जरा लांबलचक आहे, ते आज लिहितो. कोणावर राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा नगरचा. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) घर पाच पिढ्यांचं ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही. त्यामुळे 'त्या मिशनऱ्यांबद्दल' लोक माझ्यासमोर अगदी मोकळेपणानं बोलतात, आणि मग कळलं की चहाचा आग्रह जरा जास्तच करतात. आमच्या आजीच्या तोंडी चर्चला 'देऊळ' हाच शब्द होता. आणि 'मंडळी' म्हणजे त्या देवळाचे सभासद. म्हणून वर "नमस्कार मंडळी" लिहिताना मला नेहमी रविवारच्या उपासनेला उभं राहिल्यासारखं वाटतं. असो.

तर सँटाचा अनुभव. दहाव्या वर्षापर्यंत मी सँटा पाहिलेलाच नव्हता. आमचा नाताळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुरुडाच्या दुकानात सुरू व्हायचा. तिथून कामट्या आणायच्या आणि चांदणी बांधायची. पाच टोकांची, मधे बल्ब लोंबकळता ठेवायला जागा. वर पतंगाचा कागद, तो चिकटवायला आईनं मैद्याची खळ शिजवून दिलेली. शेजारच्या जोशीकाकांचा आकाशकंदील दिवाळीला त्याच बुरुडाच्या कामट्यांवर उभा राहायचा. चांदणीचं टोक वाकडं झालं की ते काका अंगणातून ओरडून सांगायचे, कारण भूमितीचे मास्तर होते. भारनियमन असलं की चांदणी नुसतीच लटकायची, पण वीज आली की सगळ्या गल्लीला कळायचं.

मग फराळ. होय, फराळच. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा. दिवाळीत शेजाऱ्यांकडून ताटं यायची, ती रिकामी परत करायची नाहीत अशी रीत. पण आजीचा हिशोब त्याहून लांबचा होता. दिवाळीला कोणाकडून काय आलं ते तिच्या डोक्यात पक्कं असायचं आणि नाताळला प्रत्येक ताट फेडलं जायचं. आमच्याकडे नाताळचा खास असा पदार्थ एकच, नानकटाई. घरी ओव्हन कुठला? घरून रवा, मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायचं, पत्र्याच्या ट्रेला आपली चिठ्ठी लावायची आणि रांगेत थांबायचं. दुसऱ्याचा ट्रे आपला म्हणून घरी आल्याचे प्रसंग आमच्या घराण्यात दोन. केक म्हणाल तर तो कुकरमध्ये खाली वाळू घालून आत्या करायची. वरून छान, बुडाला काळा. तो खालचा भाग खरवडून खायला आम्हा भावंडांत मारामारी.

आणि गाणी. पंधरा डिसेंबरनंतर रोज रात्री आमचा जथा घरोघर फिरायचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, पुढे. गळ्यात पेटी अडकवायला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा पट्टा केला होता. मागे ढोलकी, चार-पाच टाळ, एक गॅसबत्ती आणि मफलर गुंडाळलेली पंधरा-वीस माणसं. नगरची डिसेंबरची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. प्रत्येक दारात दोन गाणी, मग पाळकसाहेबांची छोटी प्रार्थना, मग चहा. गाणी सगळी मराठी, 'उपासना संगीता'तली किंवा आबांच्या वहीतली. बरीचशी ना. वा. टिळकांची. टिळकांना मराठी लोक 'फुलांचे कवी' म्हणून शाळेत भेटतात. आमच्याकडे ते देवळात भेटतात. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, आणि पुढची कित्येक वर्षं नगर आणि राहुरी हीच त्यांची कर्मभूमी. पाश्चात्य चालींवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरित गीतं ऐकून हा माणूस वैतागला आणि त्यानं ख्रिस्ती मंडळींना ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं दिली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचली असतील, तेव्हा जास्त सांगत नाही.

पंचवीस तारखेला पहाटे दारात रांगोळी, सकाळी नवे कपडे घालून उपासना. पायांत बाहेर काढलेल्या शंभर चपलांमधून आपली शोधणं हा नाताळचा अविभाज्य भाग. दुपारी मटण आणि मग गल्लीभर झोप. संध्याकाळी मुलांचं नाटक. मी तीन वर्षं मेंढपाळ होतो, एकदा गव्हाणीजवळची गाय. राजा व्हायचं राहिलंच.

इथपर्यंत सगळं गोड. आता जे सांगायचं आहे ते.

२००४ साली मी सोळा वर्षांचा होतो. घरी केबल आली होती, मित्राकडे गिटार आली होती, आणि आम्हा आठ-दहा पोरांना अचानक स्वतःच्या नाताळची लाज वाटायला लागली. टीव्हीवरच्या पिक्चरमध्ये बर्फ, फायरप्लेस, चारी आवाजांतली इंग्रजी कॅरल्स. आणि आमच्याकडे? ढोलकी, टाळ आणि धोतरातला म्हातारा. आमचा नाताळ हा खऱ्या ख्रिसमसची गरीब, गावठी नक्कल आहे, असं माझं ठाम मत झालं. पुण्यातल्या कँपात एकदा मावसभावाबरोबर इंग्रजी उपासनेला गेलो होतो, तिथून तर हे मत पक्कंच करून आलो. त्या वर्षी आम्ही पोरांनी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, या वर्षी गिटार आणि इंग्लिश कॅरल्स, फार तर की-बोर्ड. पेटी-ढोलकी नको. पाळकसाहेब म्हणाले, "आबांना विचारा."

विचारायला मीच गेलो. आबा ओट्यावर बसून पेटीच्या भात्याचं भोक चिकटपट्टीनं बुजवत होते. मी जे बोललो ते शब्द इथे लिहवत नाहीत, पण त्यात 'तमाशा' हा शब्द होता. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "म्हना की. तुमचा बी सनच हाय."

त्या वर्षी ते जथ्यात आले नाहीत. पाय दुखतात म्हणाले. आम्ही घरोघर जाऊन जी कॅरल्स म्हटली त्यांचे अर्थ ऐकणाऱ्यांना सोडा, आम्हालाही धड माहीत नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं विचारलं, "आरं, येशूचं कधी म्हननार?" आम्ही हसलो. पुढच्या वर्षी आबा आले, मागच्या रांगेत चालले. पेटी परत आली नाही. २००९ मध्ये ते गेले, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो.

मग नेहमीचीच गोष्ट. पुण्यात दोन वर्षं नोकरी, २०१२ मध्ये इकडे, बोस्टनला. मनात होतं, आता खरा ख्रिसमस बघू. पहिल्याच डिसेंबरला ऑन-कॉलचं वेळापत्रक आलं तर २४ आणि २५ ला माझं नाव. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, तुम्ही लोक साजरा करत नाही ना, म्हणून तुला टाकलं, दिवाळीला तुला सुट्टी देऊ. मी "शुअर" म्हणालो. त्या क्षणी "नाही हो, आमचाही असतो" एवढं एक वाक्य का सुचलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुण्याच्या ऑफशोअर टीममधला मित्र मेसेंजरवर म्हणाला, "बरं झालं तू आहेस, गोऱ्यांचा सण आहे आज." त्यालाही मी काही बोललो नाही. प्रॉडक्शन सर्व्हर सुदैवानं शांत होते. संध्याकाळी सातला बाहेर पडलो तर रस्त्यावर कर्फ्यू लागल्यासारखी शांतता. बर्फ होता, चर्चच्या घंटा होत्या, सगळं टीव्हीतल्यासारखं. फक्त दारात कोणी येणार नव्हतं आणि मला कोणाच्या दारात जायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी जवळच्या एका चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या उपासनेला गेलो. सुंदर असते, खोटं कशाला बोलू. नंतर कॉफी घेताना एका आजींनी विचारलं, "मग, तुमचं घराणं ख्रिस्ती कधी झालं?" प्रश्न मायेनंच विचारला होता. म्हटलं, १८७६-७८ च्या दुष्काळाच्या सुमारास. त्या जरा गप्प झाल्या. त्यांचे पणजोबा आयर्लंडहून बोस्टनला आले ते त्याच्याही नंतर, असं त्यांनी मग स्वतःच सांगितलं. त्यांना कोणी विचारत नसावं, तुमचं घराणं अमेरिकन कधी झालं म्हणून.

बोस्टनला राहायला लागल्यावर एक गोष्ट हळूहळू उलगडत गेली आणि तिनं माझं सोळाव्या वर्षीचं मत पार उलटंपालटं केलं. नगरला ख्रिस्ती धर्म घेऊन आले ते इथलेच लोक. माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर सेलम आहे. आपले देशी लोक तिथे ऑक्टोबरात चेटकिणी बघायला जातात. त्या गावातल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तीच 'अमेरिकन मराठी मिशन'. १८३१ मध्ये ती नगरला आली. १८४२ मध्ये नगरलाच 'ज्ञानोदय' सुरू झाला. सिंथिया फरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला सावित्रीबाई फुले त्यांच्याकडे नगरला आल्या होत्या. हे सगळं बोस्टनच्या पैशानं आणि बोस्टनच्या माणसांनी.

आता गंमत ऐका. या मॅसॅच्युसेट्सच्या मूळ धर्मनिष्ठ मंडळींना ख्रिसमस मान्यच नव्हता! बायबलमध्ये २५ डिसेंबर लिहिलेला नाही, ही सगळी रोमन थेरं, असं त्यांचं म्हणणं. १६२० मध्ये प्लिमथला उतरलेल्या लोकांनी पहिला २५ डिसेंबर कसा घालवला? लाकडं वाहून, पहिलं सामायिक घर उभारायला सुरुवात करून. पुढच्या वर्षी नव्यानं आलेले काही जण म्हणाले, आमच्या सदसद्विवेकाला या दिवशी काम करणं पटत नाही. गव्हर्नर ब्रॅडफर्ड म्हणाला, बरं. दुपारी येऊन बघतो तर ही मंडळी रस्त्यात चेंडू खेळतायत. त्यानं खेळाचं सामान जप्त केलं. घरात बसून प्रार्थना करायची तर करा, रस्त्यात हुंदडायचं नाही! १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्स बेनं कायदाच केला, ख्रिसमस पाळाल तर पाच शिलिंग दंड. तो १६८१ पर्यंत होता. कायदा गेला तरी सवय राहिली. एकोणिसाव्या शतकात बरंच पुढेपर्यंत न्यू इंग्लंडच्या या मंडळींत २५ डिसेंबर साधा कामाचा दिवस असे. अमेरिकेत फेडरल सुट्टी मिळाली ती १८७० मध्ये.

म्हणजे बघा. १८३१ मध्ये जे नगरला आले, ते लहानपणी ख्रिसमस ट्रीभोवती नाचलेले असण्याची शक्यता फार कमी. मग आमचा नाताळ आम्हाला कोणी दिला? येशू त्यांनी सांगितला, ते ऋण मी नाकारत नाही. शाळा दिल्या, दवाखाने दिले. पण करंज्या? बुरुडाच्या कामट्यांची चांदणी? दारातली रांगोळी, टाळ, रात्रीचा जथा, ताटांची फेड? हे बोस्टनहून आलेलं नाही. हे आमच्या आज्या-पणज्यांनी आपल्या दिवाळीतून, आपल्या भजनातून, आपल्या गावातून उचलून त्या दिवसाभोवती मांडलं. आमचा नाताळ नक्कल नव्हता. नक्कल करायला समोर मूळ प्रतच नव्हती! आणि मी सोळाव्या वर्षी तो फेकून जी 'खरी' गोष्ट आणायला निघालो होतो, ती खुद्द बोस्टनमध्येही फार जुनी नव्हती.

नाताळ हा शब्दच घ्या. तो इंग्रजांकडून आलेला नाही, पोर्तुगीज 'नाताल'वरून आलाय. गोवा, वसई. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला, पोर्तुगीज गेले, शब्द राहिला, आणि वसईची मराठी ख्रिस्ती माणसंही राहिली. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. माणूस इंग्लंडचा, भाषा आपली. येशूचा जन्म मराठी ओवीत छापला गेला तेव्हा प्लिमथवाले अजून जहाजात बसायचे होते. चार वर्षं बाकी होती. हे मी जेव्हा पहिल्यांदा जुळवून पाहिलं, तेव्हा स्टँड-अप मीटिंग चालू होती आणि मी म्यूटवर एकटाच हसत होतो.

आता थोडं अवघड. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. मागच्या डिसेंबरात तिनं विचारलं, "बाबा, आपण ख्रिश्चन कसे झालो? अमेरिकन लोकांनी केलं?" मी टिळकांची गोष्ट सांगायला लागलो. मोठे कवी, ब्राह्मण, विचार करून धर्मांतर. मंडळात कोणी विचारलं तरी मी हेच करतो. समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे टिळकांसारखे!" आणि मी ते दुरुस्त करत नाही. त्या दिवशी मात्र पोरीनं मधेच विचारलं, "ते आपले कोण लागतात?"

कोणीच लागत नाहीत. आमचं घराणं गावकुसाबाहेरचं. आबांचे आजोबा लहान होते तेव्हा तो मोठा दुष्काळ पडला. गावच्या पाणवठ्यावर हात लावायची आधीपासूनच बंदी, त्यात आडच आटले. मिशननं काम दिलं, धान्य दिलं, पोराला पाटी दिली. त्या काळात नगर जिल्ह्यात अशी हजारो माणसं ख्रिस्ती झाली. 'भाकरीसाठी धर्म बदलला' हा टोमणा मी शाळेत ऐकलाय, इथे न्यू इंग्लंडमध्ये पॉटलकच्या रांगेतही ऐकलाय. पूर्वी रक्त उसळायचं. आता वाटतं, बरं, भाकरीसाठी, मग? ज्यानं भाकरी दिली नाही त्यानं विचारावं का? आणि पाटी मिळालेल्या त्या पोराचा नातू पेटी वाजवत टिळकांची भजनं म्हणत रात्री गावातून फिरत होता. त्याला कोणी त्याचे पैसे देत नव्हतं.

पोरीला हे एवढं सगळं सांगितलं नाही. दुष्काळाचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याला भूक लागली होती." म्हटलं, हो. तिला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

तर माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे.

आपल्याकडे दर डिसेंबरला एक चर्चा होतेच. घरात ट्री लावायचा का? मुलं शाळेतून हट्ट घेऊन येतात, आजी-आजोबा भारतातून व्हिडिओ कॉलवर नाक मुरडतात. माझं विचाराल तर खुशाल लावा. आम्हालाच कोणी ट्री दिला नव्हता, तुम्हाला अडवणारा मी कोण? बोस्टन कॉमनवरचा मोठा ट्री बघायला जा. तो दर वर्षी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडून येतो. १९१७ मध्ये हॅलिफॅक्सला भयंकर स्फोट झाला तेव्हा बोस्टननं मदत धाडली होती, त्याची फेड म्हणून. १९७१ पासून दर वर्षी. आमच्या आजीच्या ताटांसारखंच आहे हे. फक्त एक करा, मुलांना समजावताना 'हा त्यांचा सण, आपला नाही' असं मराठी आणि ख्रिस्ती यांच्यामधे रेघ मारून सांगू नका. सांगायचंच तर 'आपल्या घरात नसतो, पण आपल्यातल्या काही मराठी घरांत असतो' असं सांगा. वाक्य थोडं लांब होतं, पण खरं आहे. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. सगळं बायबल सोप्या मराठीत आणणारा माणूस. निवड जाहीर झाली तेव्हा 'ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा?' म्हणून ओरड झाली होती. तो प्रश्न विचारणाऱ्यांतले काही माझ्या ओळखीचे होते, आणि त्यांच्या घरी मी सँटा होऊन चॉकलेटं वाटली आहेत. फादर २०२४ मध्ये गेले.

दुसरी बाजू आमचीच. इथे जी चार-सहा मराठी ख्रिस्ती घरं माझ्या माहितीत आहेत, त्यांतल्या एकाही घरात मुलं मराठी गीत म्हणत नाहीत. माझ्या घरातही नाही. आम्ही इंग्रजी उपासनेला जातो, छान स्वेटर घालतो, जिंजरब्रेडचं घर बांधतो आणि घरी येऊन गुपचूप करंज्या खातो. नगरलाही आता जथ्याबरोबर टेंपोत स्पीकर असतो, हिंदी-इंग्रजी गाणी असतात. त्याची सुरुवात कुठेतरी माझ्यासारख्यांनीच केली. हे कोणा बाहेरच्यानं आमच्यावर लादलं, असं म्हणायची सोय मला नाही.

आबांची वही आईकडे होती. जिलेटिनच्या कागदात गुंडाळलेली, दोनशे पानी, कोपरे उंदरानं खाल्लेले. ऑक्टोबरमध्ये तिनं एकेका पानाचा फोटो काढून पाठवला. बऱ्याच गाण्यांवर फक्त पहिली ओळ आणि 'चाल: नेहमीची' एवढंच लिहिलंय. आता नेहमीची म्हणजे कुठली, हे सांगणारा माणूसच गेला! आई फोनवर गाऊन दाखवते. दुसऱ्या कडव्याला चाल विसरते, मग आत्याला कॉन्फरन्सवर घेते, मग दोघी भांडतात. आतापर्यंत अकरा गाणी रेकॉर्ड झाली आहेत. मुलीला तीन येतात. 'गव्हाणी' हा शब्द तिला फार आवडलाय, कुत्र्याच्या अंथरुणालाही ती गव्हाणीच म्हणते.

मंडळाच्या कार्यकारिणीला मी कालच लिहिलंय. सँटा दुसरा शोधा, झगा धुऊन इस्त्री करून देतो. त्याऐवजी मला पंधरा मिनिटं द्या. आम्ही चार घरं मिळून तीन मराठी गीतं म्हणू. फराळाच्या टेबलावर नानकटाई आमची. उत्तर अजून आलेलं नाही, पण ते लोक चांगले आहेत, देतील.

पेटी मिळाली आहे, एकांनी बेसमेंटमधून काढून दिली, दोन सूर बसलेले आहेत पण चालेल. ढोलकी मात्र कोणाकडेच नाही. तबला देऊ का म्हणून दोघांनी विचारलं, पण जथ्याला तबला चालत नाही, उभ्यानं वाजवता यायला हवं. बोस्टन, वूस्टर, नॅशुआ या भागात कोणाकडे गणपतीनंतर माळ्यावर पडलेली ढोलकी असेल तर कृपया कळवा. मी येऊन घेऊन जाईन आणि एक जानेवारीच्या आत परत आणून देईन. रिकामी परत करणार नाही.